सर्वधर्म प्रार्थनागृह: भिंतीवर चिन्हं नकोत, आत सोयी पाहिजेत

मी आर्किटेक्चर शिकवते. थिसिसला, म्हणजे शेवटच्या डिझाईन प्रोजेक्टला, कुणी 'युनिव्हर्सिटी कॅम्पसवर इंटरफेथ चॅपेल', म्हणजे सगळ्या धर्मांच्या पोरांसाठी प्रार्थनेची एक जागा, असा विषय घेतला की पहिल्याच शीटवर हमखास एक भिंत येते आणि तिच्यावर ओम, चाँद, क्रॉस, कधी धम्मचक्र. दिसायला छान दिसतं. पण मला त्या भिंतीबद्दल मनापासून आक्षेप आहे, आणि ज्युरीत (प्रोजेक्ट तपासताना) ते नीट बोलून होत नाही म्हणून इथं लिहिते.

चिन्हांची यादी केली की कुणीतरी बाहेर राहतंच. आपल्याकडं जैन आहेत, लिंगायत आहेत, आणि देवच न मानणारी पोरंही आहेत, ज्यांना घरून वाईट बातमीचा फोन आल्यावर थोडा वेळ गप बसायला जागा लागते, त्यांच्यासाठी कुठलं चिन्ह लावणार? आणि ज्यांचं लागलं त्यांची तरी सोय झाली का? नमाज पढणाऱ्या पोराला भिंतीवरचा चाँद काय कामाचा, त्याला वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, पाणी पाहिजे, किबला, म्हणजे मक्केची दिशा, कुठं ते कळलं पाहिजे (कोल्हापुरातून पश्चिमेला, थोडा उत्तरेकडं कललेला). लिंगायत पोरगी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसते, तिला शांत कोपरा पुरतो. सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसलेल्याला ४८ मिनिटं कुणी उठवायला नको. आणि भजनवाल्यांना तर टाळ वाजवायचेत! हे सगळं प्लॅनमध्ये सोडवायचं असतं, एलेव्हेशनवर, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूवर, नाही.

'सर्वांसाठी खुले' असा बोर्ड लावून जागा सर्वांची होत नाही हे कोल्हापूरला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. शाहू महाराजांनी १८९६ ला सगळ्या जातींच्या मुलांसाठी म्हणून वसतिगृह काढलं, पण कारभार एका वर्गाच्या हातात राहिला आणि बाकीची मुलं हळूहळू तिथून दिसेनाशी झाली. मग महाराजांनी वेगळी वाट धरली, १९०१ ला मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, १९०७ ला लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. लोक याला जातवार वसतिगृहं म्हणून मोकळे होतात. मला त्यात एक फार मोठी डिझाईनची समज दिसते, की आत येणाऱ्याला आपण इथं पाहुणे आहोत असं वाटता कामा नये. आज आपल्याला एकाच छताखाली सगळे हवेत, हवेतच, पण मग ती समज त्या एका खोलीत आणायला लागते, ते जास्त अवघड काम आहे.

जगात चांगली उदाहरणं आहेत. एमआयटीचं (अमेरिकेतलं, पुण्यातलं नव्हे) चॅपेल, आर्किटेक्ट एरो सारिनेनचं, १९५५ चं. विटांचा गोल, नेहमीच्या खिडक्या नाहीत, भोवती पाणी, त्या पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड खालच्या कमानींतून आतल्या नागमोडी भिंतीवर हलतो आणि वरच्या गोल झरोक्यातून एक झोत संगमरवरी वेदीवर पडतो. आपली पोरं हे चित्र बघून वेडी होतात, पण मी म्हणते आधी खिद्रापूरला जाऊन या, कोपेश्वराच्या देवळाच्या स्वर्गमंडपात उभं राहून वर बघा, छत गोल उघडं आहे आणि खाली खांबांच्या मधोमध आकाशाचा उजेड, हे आपल्याच जिल्ह्यात बाराव्या शतकातलं काम आहे. उजेड कुठल्या धर्माचा नसतो म्हणून अशा खोलीत तोच मुख्य ठेवावा असं माझं ठाम मत आहे. गोल आकारही घ्यावा कारण गोलाला पुढची बाजू नसते, ज्याला जिकडं तोंड करायचं तिकडं करू दे. सारिनेनची वेदी मात्र मी घेणार नाही, तिच्यामुळं सगळ्यांची तोंडं एकीकडं होतात. पाण्याचा खंदकही नको, आपल्याकडं डासच होणार.

पावसाळ्याचा विचार तर कुणीच करत नाही. जूनपासून पुढं इथं गालिचा कुबट वास मारणार, म्हणून शहाबादी फरशी, आणि चटया, आसनं, मुसल्ले ठेवायला हवेशीर कपाटं, प्रत्येकाला आपापलं. चपला आणि ओल्या छत्र्यांना छप्पर असलेला ऐसपैस ओटा. पाय धुवायला नळ बसून वापरता येईल अशा उंचीवर, बायकांसाठी वेगळा, आडोशाला. आवाज करणाऱ्यांसाठी बाजूला दुसरी छोटी खोली, मध्ये जाड जांभ्याची भिंत.

काहीजण म्हणतात सरकारी पैशावरच्या युनिव्हर्सिटीत धर्म आणूच नका. घटनेच्या कलम २८ नं पूर्णपणे सरकारी खर्चानं चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायला बंदी आहे, बरोबरच आहे ते. पण कुणी काही शिकवत नाही, उपदेश करत नाही, अशी रिकामी खोली म्हणजे शिक्षण नव्हे. न्यूयॉर्कला युनोच्या इमारतीत तेव्हाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी अशीच खोली करून घेतली, १९५७ ला, मधोमध फक्त लोहखनिजाची एक शिळा, कुठल्याच धर्माचं चिन्ह नाही.

आणि किल्ली! किल्ली कुणाकडं हे थिसिसच्या रिपोर्टमध्ये लिहायलाच पाहिजे. एखाद्या गटाच्या किंवा एकाच सरांच्या हातात गेली की १८९६ पुन्हा होणार. माझं म्हणणं, कुलूप नकोच, लायब्ररी उघडी असेल तोवर ही खोली उघडी, आणि भजन-प्रवचनाच्या वेळा दारावर आठवडाभर आधी लावायच्या, म्हणजे बाकीच्यांना कळेल.

हॉस्टेलला राहिलेल्या, राहणाऱ्या सगळ्यांनी कमेंटमध्ये लिहा, तुम्ही नमाज, सामायिक, वंदना, पूजा कुठं करत होता? रूम पार्टनरची अडचण झाली का, जागा नसल्यानं सोडून दिलं का? आणि जे काही मानत नाहीत ते एकटं बसायला कुठं जात होते? यंदाच्या थिसिसच्या पोरांना मी हे वाचायला देणार आहे.