यमक नंतर, आधी कपाशीचं फूल

मुलांना कविता लिहायला शिकवायची तर आधी वर्गाबाहेर न्या, हे मुलांच्या कवितालेखनावरच्या एका लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. पण परत आल्यावर यमकाचे शब्द फळ्यावर लिहून द्यावेत, ही सूचना मला मान्य नाही. शब्द आयते मिळाले की मूल पाहिलेलं विसरतं आणि ‘पाऊस-हौस’ जुळवत बसतं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात शिकवते. शाळेच्या कुंपणापलीकडेच कपाशी. फुलं धरली की प्रत्येकाने एकच फूल निवडायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा पाहायचं. काल फिकट पिवळं उमललेलं फूल आज गुलाबी होऊन मिटायला लागलेलं असतं. ही शेतकऱ्यांचीच मुलं, रोज कपाशीतून येतात-जातात, तरी असं थांबून पाहिलेलं नसतं. एका मुलीने विचारलं, ‘रात्री त्याला कोण काय बोललं?’ ती ओळ मी तशीच उतरवून घेतली. तिची कविता तिथेच सुरू झाली होती.

लहान वर्गांत तर मुलांनी बोलावं आणि आपण लिहावं. बहिणाबाई चौधरींना कुठे लिहिता येत होतं? त्यांची गाणी घरच्यांनी लिहून घेतली म्हणून तर आपल्याला मिळाली. आणि मूल अहिराणीत बोललं तर अहिराणीतच लिहा, लगेच दुरुस्ती नको.

फक्त शेतात नेण्याआधी फवारणी कधी झाली ते मालकाला नक्की विचारा. त्या दिवसांत बोंडअळीसाठी फवारण्या चालूच असतात.