फेरेटला उपाशी ठेवू नका

ब्रिटनमधल्या फेरेट-शिकारीवरचा (फेरेट हा मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी बिळात सोडून ससे बाहेर हुसकावण्यावरचा) लेख चांगला आहे, पण ‘आदल्या दिवसापासून उपाशी ठेवा’ हा सल्ला कृपया काढा. भुकेला फेरेट ससा बिळातच मारतो, खातो आणि तिथेच झोपतो. मग खणत बसावं लागतं. सकाळी थोडं मांस द्यावंच.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च, कारण पाला झडल्यावर बिळांची तोंडं दिसतात आणि पिल्लंही कमी असतात. प्रत्येक तोंडावर साधारण १ मीटरची पिशवीसारखी जाळी पसरायची. जाळीची दोरी बांधलेली खुंटी घट्ट ठोकलेली हवी. ती उपटली तर दोरी आवळत नाही आणि ससा निसटतो. काटेरी झुडपाआडचं एखादं तोंड राहून गेलं, तर ससे नेमके तिथून पळतात. बोलणं, पाय आपटणं बंद. जाळीत ससा आला की त्या तोंडावर लगेच दुसरी जाळी टाकावी.

फेरेटची मादी चणीने लहान, म्हणून बहुतेक वेळा तीच बरी. ती जमिनीखाली कुठे आहे ते कळावं म्हणून गळ्यात ट्रान्समीटरचा पट्टा हवाच, आणि त्याचा सिग्नल रिसीव्हरवर तपासूनच तिला आत सोडा.

इथल्या वाचकांसाठी: आपला रानससा बीळ खणत नाही, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे.