चार वाजता, बारपाशी

माझा जन्म नगरचा, आणि नगरच्या माणसाला वेस म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. माळीवाडा वेस असो वा दिल्ली गेट, तेथे कमान असते, कमानीखालून रस्ता जातो आणि परगावच्या पाहुण्याला ‘वेशीपाशी उतरा’ एवढे सांगितले की तो चुकत नाही. याच भरवशावर मी इंग्लंडमधल्या यॉर्क नावाच्या जुन्या, आटोपशीर शहरात एक अख्खा दिवस वणवण केली.

लीड्सला राहणाऱ्या लेकीने आम्हा दोघांना सकाळच्या गाडीत बसवून दिले. ती काम आटोपून मागाहून येणार होती. यॉर्कला उतरतो न उतरतो तोच तिचा निरोप आला : ‘बाबा, चार वाजता मिकलगेट बारपाशी भेटू.’ तो मी मोठ्याने वाचला, ही माझी पहिली चूक.

‘बारपाशी?’ सौ. म्हणाली. चौतीस वर्षांच्या संसारात या एका शब्दाची शंका तिला माझ्याबद्दल कधी आली नव्हती.

मी तिची समजूत काढली की, मिकल नावाचे एक गेट असणार आणि त्याच्या शेजारी एखादे मद्यगृह असणार; आपण गेट शोधू, मद्यगृहाकडे पाठ करून उभे राहू. मग आम्ही गेटे शोधू लागलो. नकाशात त्यांची रेलचेल होती. स्टोनगेटला गेलो, तर दोन्ही बाजूंना दुकाने आणि मध्ये फरसबंदी, दरवाजा नाही. गुडरमगेटला गेलो, पीटरगेटला गेलो, तेथेही तेच. व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट या नावाला भुलून गेलो, तर गल्लीपेक्षा तिची पाटीच लांब निघाली आणि पाटी वाचून होईतो गल्ली संपलीसुद्धा. वाटेत शँबल्स नावाचा खाटकांचा जुना बोळ लागला. तिथल्या घरांचे वरचे मजले एकमेकांकडे इतके झुकलेले की समोरासमोरच्या शेजारणींना विरजण मागायला जिना उतरण्याची गरज पडली नसती. मात्र दरवाजा तेथेही नव्हता.

तेव्हा मला वाटले की, उंचावरून वेस दिसेल. यॉर्क मिन्स्टर हे तिथले प्रचंड चर्च बांधायला १२२० च्या सुमारास सुरुवात झाली आणि ते पुरे व्हायला १४७२ साल उजाडले. माझ्या मते बराचसा वेळ जिन्यात गेला असावा. मधल्या मनोऱ्याला २७५ पायऱ्या आहेत, त्याही अरुंद आणि गोल फिरणाऱ्या. शंभरीनंतर माझे गुडघे बोलू लागले, दोनशेनंतर मी बोलेनासा झालो. वर पोहोचल्यावर मैलोगणती कौले दिसली. खाली उतरून पाहतो तो, ३०६ साली याच गावात रोमन सम्राट म्हणून घोषित झालेल्या कॉन्स्टंटाइनच्या बैठ्या पुतळ्यापाशी सौ. टेकली होती आणि दोघेही माझ्याकडे सारख्याच तुच्छतेने पाहत होते.

कोडे सुटले ते कॉपरगेटच्या व्हायकिंग संग्रहालयात. तेथे आम्ही रीतसर तिकिटे काढून काचेआड ठेवलेली, हजारएक वर्षांपूर्वीच्या माणसाची, सुमारे २० सेंटिमीटर लांबीची, अश्मवत झालेली विष्ठा पाहिली. (‘यासाठी विमानाने आलो?’ हा सौ.चा प्रश्न मी ऐकला नाही.) तिथल्या जुन्या वेशातल्या रखवालदाराला मी मिकलगेटचे गेट कोठे आहे असे विचारले, तेव्हा त्याने दिवसातून पन्नास वेळा सांगत असल्याच्या सफाईने सांगितले की, ‘आमच्याकडे रस्त्याला गेट म्हणतात, वेशीला बार म्हणतात आणि बारला पब.’ ८६६ साली व्हायकिंगांनी हे शहर जिंकले; त्यांच्या भाषेत ‘गाता’ म्हणजे रस्ता, आणि ते गेले तरी गाता राहिला. मिकलगेट म्हणजे थोरला रस्ता, आणि मिकलगेट बार म्हणजे त्या रस्त्यावरची वेस. आम्ही सकाळपासून एकामागून एक गेटातूनच चालत होतो!

‘ती वेस कुठे आहे?’ मी विचारले.

‘स्टेशनच्या जवळ,’ तो म्हणाला.

सकाळी ज्या स्टेशनावर आम्ही ताज्या पायांनी उतरलो होतो, त्याच स्टेशनाच्या जवळ! उझ नदीचा पूल ओलांडून तो थोरला रस्ता चांगलाच चढत जातो, आणि तो चढ चढताना सौ. माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. अखेर वेस दिसली : भक्कम, दगडी, खाली कमान, अगदी नगरसारखी. १४६० मध्ये यॉर्कच्या ड्यूकचे मुंडके हिच्यावर टांगले होते आणि २०२२ मध्ये राजे चार्ल्स यांच्या दिशेने अंडी फेकली गेली तीही हिच्यापाशीच, असे लेक उत्साहाने सांगू लागली. त्या क्षणी मला ड्यूकचा हेवा वाटला, कारण त्याला निदान पाय नव्हते.

लेकीने आमचा वेशीखाली उभे राहून फोटो काढला आणि सौ.ने तो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली तिने लिहिले, ‘दिवसभर पायपीट करून शेवटी यांना बार सापडला.’ मिनिटभरात नगरहून माझ्या थोरल्या भावाचे उत्तर आले : ‘नगरात काय कमी होते?’