कुकरच्या शिट्ट्या आणि आईचा तांब्या

आज संध्याकाळी सदाशिव पेठेत एका छोट्या काव्यवाचनाला गेले होते. घरी येऊन तास झाला, जेवण गेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

पंचविशीतली एक मुलगी उभी राहिली. कवितेत नवरा-बायको, आणि त्यांच्यात दिवसभरात उरलेलं एकच बोलणं. तो बाहेरून विचारतो, 'किती झाल्या?' ती आतून सांगते, 'दोन.' कुकरच्या शिट्ट्या. सगळे गप्प झाले. अध्यक्ष म्हणाले, 'बेटा, स्वयंपाकघरातून जरा बाहेर ये. कवितेला विषय मोठा लागतो.' तिच्या हातात दुसरा कागद होता. तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि ती खाली बसली.

मोठा विषय म्हणजे काय हो?

माझे आई-बाबा नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. पण रोज रात्री बाबांच्या उशाशी पितळी तांब्या भरून, वर फुलपात्र पालथं घालून ठेवलेलं असायचं. मी नववीत असताना एका रात्री तो रिकामा होता. बाबांनी उचलला, हलका लागला, तसाच खाली ठेवला आणि पाणी न पिता आडवे झाले. तेव्हापासून 'संबंध तुटले' हे शब्द कुठे वाचले की मला काहीच वाटत नाही. कुणी रिकामा तांब्या म्हणालं तर घसा कोरडा पडतो.

संताप याचा की याच अध्यक्षांनी सुरुवातीला बहिणाबाईंचा संसाराचा तवा ऐकवून टाळ्या घेतल्या होत्या. तवा चालतो, कुकर चालत नाही? बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, ओळी उतरवून ठेवल्या म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक तरी आलं. आपल्या पुण्यातूनच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासूला, नवऱ्याला, माहेरीही सांगता येत नाही ते बाई जात्याला सांगते, त्याला ईश्वर म्हणते. तिला कोण म्हणणार, जरा बाहेर ये?

हो, हल्ली दर दुसऱ्या कवितेत कान तुटलेला कप असतो आणि त्याचा मलाही कंटाळा येतो. मान्य. पण ही कविता तशी नव्हती.

बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात गेले की मी अजून भांड्यांपाशीच रेंगाळते. दिनकर केळकर स्वतः कवी, 'अज्ञातवासी'. आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी जमवली आणि त्या साऱ्याला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. बापाचं दुःख अडकित्त्यांच्या रांगेत मावतं, तर बायकोचं कुकरमध्ये का नाही मावणार?

अध्यक्ष वयस्कर आहेत, मनानं वाईट नसावेत. आता राग थोडा उतरलाय. एक मात्र मघाशी लिहिलं नाही. दुसऱ्या रात्री तांब्या परत भरलेला होता. पुढेही रोज. का, ते आईला विचारायचं राहून गेलं.

आज तिथे असलेल्यांपैकी कुणी त्या मुलीला ओळखत असेल तर निरोप द्या. तिची दुसरी कविता मला ऐकायची आहे. रविवारी दुपारी मी घरीच असते.