बुवांनी अन्न सोडलं

मे महिन्यात दुपारी दीड वाजता नागपुरातला शहाणा माणूस काय करतो? पन्हं पितो, कूलरसमोर चटई टाकतो आणि साडेचारपर्यंत जगाशी संबंध तोडतो. मी मात्र हातात चिमटा आणि चिमट्यात जिवंत रातकिडा धरून एका काचेच्या पेटीसमोर मांडी घालून बसले होते आणि वीतभर लांबीच्या सरड्याला म्हणत होते, "एकच रे राजा. एवढा एकच घे, मग नाही म्हणणार." रातकिडा पाय झाडत होता. सरडा भिंतीकडे बघत होता. आमचा मुलगा लहान असताना त्याची एवढी मनधरणी मी कधी केली नव्हती. त्याला पाठीत एक धपाटा पुरायचा.

सरडा त्याचाच. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी पुण्याला जाताना तीन महिन्यांचं हे पिल्लू तो आमच्या पदरात टाकून गेला. जात बिअर्डेड ड्रॅगन, मूळ गाव ऑस्ट्रेलियाचं वाळवंट. तसं मूळ गाव म्हणायचं इतकंच. ऑस्ट्रेलियानं आपले प्राणी बाहेर विकणं १९६०च्या दशकातच बंद केलं, त्यामुळे जगभर घराघरांत पाळलेले हे सरडे पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले. मुलानं त्याचं नाव काहीतरी जपानी ठेवलं होतं. सासूबाईंनी एकदा चष्मा लावून निरखलं, गळ्याखालची काटेरी दाढी पाहिली आणि म्हणाल्या, "हा तं बुवा आहे." तेव्हापासून बुवा. त्यात हे महाराज अधूनमधून पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवायचे. लहान पिल्लं मोठ्यांपुढे 'मी गरीब आहे, मला मारू नका' हे असं सांगतात म्हणे. आमच्याकडे त्याला आशीर्वाद समजून सासूबाई हात जोडायच्या.

पहिला आठवडा बुवा व्यवस्थित जेवले. या वयात त्यांना दिवसातून दोन-तीन वेळा मुख्यतः किडेच लागतात, पालेभाजी थोडी, तिचा वाटा वाढतो तो मोठेपणी. मुलानं जाताना वहीत लिहूनच दिलं होतं: रातकिडा बुवांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, त्याला कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं, पालक शक्यतो नको कारण तो कॅल्शियम अंगी लागू देत नाही. रातकिडे धरमपेठेकडच्या एका दुकानातून आणायचे. दुपट्ट्यानं तोंड बांधून, पर्समध्ये कांदा ठेवून, टळटळीत उन्हात गाडीवरून शंभर रातकिडे आणणारी मी नागपुरातली एकमेव मराठीची शिक्षिका असावी. आणि रातकिड्यांनाही खायला घालावं लागतं! गाजर, कोबी, सांभार. (पुण्याच्या वाचकांसाठी: सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.) त्यांच्या पोटात जे जाईल तेच पुढे बुवांच्या पोटात जाणार, हा त्यामागचा हिशेब.

मग एक दिवस बुवांनी अन्न सोडलं.

नागपूरला उपोषणाचं नवल नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की यशवंत स्टेडियमच्या बाजूला मंडप पडतात, माणसं बसतात, मंत्री येऊन लिंबू सरबत पाजतात. पण ते हिवाळ्यात, आणि मागण्यांचं छापील निवेदन देऊन. बुवा काही बोलेनात. डोळे मिटून कोपऱ्यात, दाढीचा रंग काळपट. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं तर आधी ६२ ग्रॅम भरायचे, ते ५७ झाले.

आता आमच्या घराचा एक दोष सांगते. इथे कोणी जेवलं नाही तर ती त्याची एकट्याची गोष्ट राहत नाही. सासूबाईंनी निदान केलं, "लेकराले ऊन लागलं. पाह्यलं नाही काय, कसा तोंड उघडून बसे?" ते खरं होतं. पहिल्या आठवड्यात बुवा बल्बखालच्या दगडावर जबडा वासून बसायचे, आणि ते पाहून सासूबाईंचा जीव कळवळायचा. "बाहेर एवढी आग पडून राह्यली अन् तुम्ही त्याच्या डोक्यावर शंभराचा बल्ब लावता? कायले भाजता त्या जीवाले?" असं म्हणून त्यांनी बल्ब बंद केला होता. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं होतं. दुसरी लांब नळी होती ती चालू राहिली. ती अतिनील किरणांची, हाडांसाठी. खिडकीतल्या उन्हात पेटी ठेवून ते काम होत नाही, काच नेमकी तीच किरणं अडवते. तेवढं वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं, म्हणून नळी वाचली.

निदान झाल्यावर उपचार सुरू झाले. पेटीवर एक कांदा आला. झाकणभर पन्हं आलं, ते मी वेळेवर उचललं. आमच्या ह्यांनी दिवाणखान्यातला कूलर दोन विटा सरकवून त्याचं तोंड पेटीकडे केलं. कूलर हा ह्यांचा प्राण. एप्रिल लागला की गच्चीवरून खाली आणणं, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवणं, पंपाला तेल, टाकी धुणं, हे सगळं आमच्याकडे गणपती बसवल्यासारखं चालतं. त्या कूलरचा पहिला झोत आयुष्यात कधी मला मिळाला नाही. तो त्यांनी सरड्याला दिला, यावरून काय ते समजा.

शेजारच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवल्या, खाट निघाली, आम्ही सगळे खोकलो. बुवांनी एक डोळा उघडून मिटला.

मुलाचा रोज व्हिडिओ कॉल. "आई, टेम्परेचर किती आहे?" पेटीच्या आत काचेला एक गोल तबकडी चिकटवलेली होती, तिच्यावर बघून मी सांगायची, "चाळीस." मुलगा म्हणायचा, "मग बरोबर आहे." बल्बचं मी काही बोलले नाही. आधीच त्याला प्रोजेक्टचं टेन्शन.

इकडे वेगळाच प्रकार सुरू झाला. बुवा खाईनात, पण शंभर रातकिडे तर खात होते ना! गाजर झालं, कोबी झाली, दुधी झाला. दोन आठवड्यांत त्यांनी कात टाकली, अंग धरलं, पंख फुटले. जेवणारा वाळत चालला आणि जेवण बाळसं धरत होतं. एका रात्री स्वयंपाकघरातून किर्र आवाज आला. रातकिड्यांतले नर वयात आले की गातात. डब्यातली मंडळी वयात आली होती. मी झाकण उघडून बघायला गेले आणि वीसेक जणांनी त्याच क्षणी घर सोडलं. दुसऱ्या दिवशी कामाच्या बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगितलं, "भाभी, भांडे बाहेर आणून द्या."

शेवटी बुवांना बुटांच्या खोक्यात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भले माणूस. पोट दाबून पाहिलं, तोंड पाहिलं, म्हणाले, जागा बदलली की आठवडा-दोन आठवडे खात नाहीत, कात टाकताना खात नाहीत, पोटात जंत असले तरी खात नाहीत, शी तपासावी लागेल. आता खात नाही तो शी देणार कुठून? मी विचारलं. ते म्हणाले, "बरं, गरम ठेवता ना?" मला हसूच आलं. "डॉक्टर, मे महिना आहे. नागपूर आहे." तेही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "तरी एकदा मोजून घ्या. हा थंड रक्ताचा प्राणी. अंग तापल्याशिवाय याला खाल्लेलं पचत नाही, अन् पचणार नसलं की हा खात नाही."

मोजायचं काय त्यात, तबकडी होतीच. चाळीस.

दोन दिवसांनी वरच्या खोलीतला एसी दुरुस्त करायला मेकॅनिक आला. पोरगं विशीतलं, खिशात स्क्रू ड्रायव्हर, हातात लाल ठिपका मारून तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र. पाणी प्यायला दिवाणखान्यात थांबला आणि बुवांना बघून हरखला. हौसेनं त्यानं तो लाल ठिपका बुवांच्या दगडावर मारला. "काकू, एकोणतीस."

"ते शक्य नाही. ती तबकडी बघ, चाळीस आहे."

त्यानं पेटीत हात घालून तबकडी काढली, कूलरसमोर धरली. चाळीस. फ्रिजमध्ये ठेवून आणली. चाळीस. मला एकदम मे २०२४ आठवला. आपल्याकडच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बोंब झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडलाय. तेव्हा आम्ही किती हसलो होतो त्याला!

"काकू," मेकॅनिक म्हणाला, "हा वाळवंटातला आहे ना? मंग याले कूलरसमोर कायले ठेवलं? थंडी वाजून राह्यली त्याले. वरून हवा ओली." दिवाणखान्यात शांतता पसरली. कूलर तेवढा घरघरत होता. त्याच्या अंगावर ठळक अक्षरांत 'डेझर्ट' लिहिलेलं होतं.

ह्यांनी काही न बोलता कूलर फिरवला. सासूबाईंनी कांदा उचलला. मी बल्ब लावला.

तासाभरात दगड चाळिशीच्या घरात गेला, मेकॅनिकनं निघायच्या आधी मोजूनच दिला. त्या दिवशी बुवा दगडावर नुसते पोट टेकून पडले, अंग चपटं करून, भाकरीसारखे. दुसऱ्या दिवशी त्यांनी जबडा वासला. "पाह्य, पुन्हा धापा टाकून राह्यला!" सासूबाईंचा हात बटणाकडे गेला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात धरला. ऊब पुरेशी झाली की हे तोंड उघडून जास्तीची उष्णता बाहेर टाकतात. म्हणजे आमचं लेकरू पहिल्या आठवड्यात जे करत होतं, त्याला तृप्ती म्हणतात.

तिसऱ्या दिवशी नवे, बारीक रातकिडे आणले. जुने आता दोन डोळ्यांतल्या अंतरात बसणारे राहिले नव्हते. एक सोडला. बुवांनी मान तिरकी केली. डोळ्याची बाहुली बारीक झाली, शेपटीचं टोक एकदा वळवळलं, आणि मी श्वास घ्यायच्या आत गुलाबी जीभ बाहेर येऊन आत गेली. कर्र, कर्र. जबड्याच्या कडेला एक तंगडी राहिली होती, विड्याच्या पानाचा देठ राहावा तशी. तीही गेली. असे सात खाल्ले. आठव्याला बुवांनी पाय उचलून गोल फिरवला आणि सासूबाईंनी डोळे पुसून हात जोडले. लगेच मला म्हणाल्या, "अजून दोन दे. उपाशी पोटी सातानं काय होते?"

आठवड्यानं बुवा ६४ ग्रॅम भरले. शी सुद्धा झाली, इतकी की डॉक्टरांना डबी भरून नमुना पोचवला. जंत नाहीत. मुलाला मी फक्त 'खातो आहे' एवढंच कळवलं.

पळालेल्या वीस रातकिड्यांचं मात्र काय झालं ते कळत नव्हतं. परवा रात्री दोनला कळलं. कूलरच्या ओल्या वाळ्याच्या ताटीतून किर्र आवाज आला, मग दुसऱ्या ताटीतून उत्तर. हे ताडकन उठून बसले, कान देऊन ऐकलं, उठून कूलरच्या पाठीवर हात फिरवला.

"बेअरिंग गेली वाटतं," ते काळजीनं म्हणाले. "उद्या त्या मेकॅनिकला बोलावतो."

मी कूस बदलली.