दहाच्या दहा आकडे उतरवा

फिजिक्स प्रॅक्टिकलची फाइल एक्स्टर्नलच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाच्या, डोळ्यांत भरायला हवी ना? मग सार्थक अंकांचे नियम, म्हणजे मापाचा भरवसा जिथपर्यंत तितकेच आकडे लिहायचे, हे बाजूला ठेवा आणि साध्या लंबकावरून काढलेलं गुरुत्वत्वरण नुसतं ९७१ लिहून पानाची शोभा घालवू नका. टांगल्या जागेपासून बॉबच्या (लंबकाच्या गोळ्याच्या) मध्यापर्यंत लांबी ९९.४ सेंमी, २० आंदोलनांना ४०.२ सेकंद. सूत्र: ४ × पायचा (π) वर्ग × लांबी ÷ आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळेचा, वर्ग. कॅल्क्युलेटर सांगतो, गुरुत्वत्वरण ९७१.३०१३८११ सेंमी/सेकंद². दहाच्या दहा आकडे उतरवा. मीटरपट्टीला मिलिमीटरच्या पुढचं दिसत नाही आणि स्टॉपवॉचवरचा अंगठा सेकंदाच्या दहाव्या भागालाही धड बांधील नसतो, पण हे त्या कॅल्क्युलेटरला कशाला सांगायचं? वेळ ४०.१ वाचली असती तर उत्तर ९७६ आलं असतं. म्हणजे तिसरा आकडाच जागेवर उभा राहत नाहीये. तुम्ही सातव्या दशांश स्थळाशी इमान राखा.

पाय मात्र ३.१४च घ्या. उत्तर ९७१ वरून ९७० वर घसरेल. पट्टी, घड्याळ दोन्ही निर्दोष, चूक निव्वळ तुमच्या काटकसरीची. पायचं बटण असतंच, किंवा ३.१४१६ घेता येतं. पण बटण दाबायला मेहनत पडते.

मधल्या पायऱ्यांवर छाटणी तर हवीच. एक-दोन आकडे जादा ठेवून शेवटी एकदाच राउंड करणारे लोक भित्रे. आवर्तकाल २.०१, त्याचा वर्ग ४.०४०१, तुम्ही ४.० लिहा आणि चमत्कार बघा: उत्तर ९८१! थेट पुस्तकातलं! आता पुस्तकातलं ९८१ ज्या ९८०.६६५ वरून येतं, तो १९०१ साली ठरवलेला प्रमाण आकडा, आणि आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या जरा खाली, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. दोन्हींमुळे गुरुत्व जरा कमी, इथे खरं उत्तर ९७९च्या आसपास यायला हवं. पण इतकं सुंदर जुळलेलं उत्तर कोण मोडणार?

नियम फार मनापासून पाळायचे असतील तर २० या आकड्याकडे वळा. गुणाकार-भागाकारात ज्याचे सार्थक अंक सगळ्यांत कमी, त्याच्याइतकेच उत्तरात ठेवायचे. (महाराष्ट्रात ‘सार्थ’ म्हणतात, आपल्याकडे हिंदीचा शेजार.) २० मध्ये सार्थक अंक एकच, असं ठणकावून सांगा आणि उत्तर लिहा १०००. आंदोलनं मोजलेली असतात, मापलेली नाहीत, त्यामुळे तो वीस नेमका वीसच, त्याने उत्तराची लांबी ठरत नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला व्हायवात, तोंडी परीक्षेत, बघून घ्या.

शून्यांची दया करू नका. वेळ ४०.० आली आणि २० ने भागलं की स्क्रीनवर नुसता २ येतो. तोच लिहा. २.०० मधली दोन शून्यं म्हणजे ‘इथपर्यंत बघितलंय’ ही ग्वाही. ती कॅल्क्युलेटरने गिळली तर गिळली. उलट ०.००२५ मध्ये दोनच अंक सार्थक, पण पुढची शून्यंही मोजून घ्या, संख्या भरगच्च वाटते.

बेरजेत दशांश स्थळं बघायची, हेही विसरा. घरच्या काट्यावर तुमचं वजन ६२.४ किलो आलं, मग जुन्या मापाने तोळ्याची अंगठी चढवली, ११.६६४ ग्रॅम. एकूण ६२.४११६६४ किलो. काट्याला शंभर ग्रॅमच्या आतलं काही कळत नाही, त्यामुळे अंगठी त्याच्या लेखी नाहीच. तुम्ही मात्र मिलिग्रॅमपर्यंत सांगा, इंदूरच्या सराफ्यात, सोन्याचांदीच्या बाजारात, सांगतात तसं. दिवसा. रात्री तिथे खाऊगल्ली भरते; त्याच ओट्यांपुढे तळलेल्या गराडूवर (हा एक कंद) चिमूटभर जीरावण मसाला भुरभुरणाऱ्याला ‘किती ग्रॅम?’ विचारून बघा, तीन दशांश स्थळांपर्यंत.