21 दिवस उलटले म्हणून मृत्यूची तारीख बदलू नका

सांगली जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'मृत्यूची नोंद 21 दिवसांत केली नाही तर दाखला कधीच मिळत नाही. मुदत टळली असेल तर ग्रामपंचायतीत पुढची तारीख सांगा. घरी मृत्यू झाल्यास पोस्टमार्टेमशिवाय नोंद नाही. मृत्यू कुठेही होवो, नोंद आपल्या गावातच करा.' तो तासगाव तालुक्यातल्या माझ्या आत्यापर्यंत पोचला. मामा घरीच गेले, म्हातारपणानं. दिवसकार्याच्या गडबडीत नोंद राहिली. आता आत्या विचारते, "ह्यांची तारीख पुढची सांगू का रं?" नुकतंच कुंकू पुसलेल्या बाईला सरकारी कागदावर खोटं बोलायला लावणारा हा सल्ला कुणी लिहिला, याचा मला मनापासून संताप आहे.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 मधलं कलम 13 याच उशिरासाठी आहे. 21 दिवसांनंतर पण 30 दिवसांच्या आत गेलात, तर फक्त विलंब शुल्क भरायचं. 30 दिवस ते एक वर्ष झालं असेल, तर शुल्काबरोबर जिल्हा निबंधकांची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. म्हणजे आत्याचं काम खऱ्या तारखेनिशी सरळ होणार आहे. वर्ष उलटलं की मात्र त्रास आहे, एवढं त्या मेसेजचं खरं मानतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार तेव्हा जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो आणि खातरजमा होते. पण तिथंही 'कधीच नाही' असं कायदा म्हणत नाही.

आणि तारीख पुढे ढकलली तर काय होतं? खोटी माहिती देणं याच कायद्याखाली गुन्हा आहे. त्याचा दंड किरकोळ असेल, खरं नुकसान पुढं होतं. मामा निवृत्त शिक्षक. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं, म्हणजे सगळा हिशेब त्या एका तारखेवर. रक्षाविसर्जनाचा फ्लेक्स चौकात लागलेला, डॉक्टरांच्या केसपेपरवर एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी. विम्याचा दावा असो की सातबाऱ्यावर वारस लावणं, कुणी हरकत घेतली की बाई एकटी उत्तरं देत बसणार. दोन तारखांच्या मधे घरातलं आणखी कुणी गेलं, तर वारस कोण हेच बदलू शकतं.

पोस्टमार्टेमचं तर निव्वळ भय घातलंय. सर्पदंश, बुडणं, गळफास, अपघात, संशयास्पद मृत्यू, तिथं पोलिसांना कळवावंच लागतं आणि पंचनामा होतो. अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस घरी गेला, तर नाही. मृत्यूच्या माहितीचा फॉर्म क्रमांक 2 बघा: मृत्यूपूर्वी वैद्यकीय उपचार मिळाले होते का, हा रकाना त्यात आहे आणि 'नाही' हेही उत्तर चालतं. घरच्या मृत्यूची माहिती कुटुंबप्रमुखानं द्यायची, तो नसेल तर जवळच्या नातेवाइकानं. शेवटच्या आजारपणात डॉक्टर बघत असतील, तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र त्यांनी विनामूल्य द्यायचं, कलम 10 मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

गावातच नोंद करा, हेही चूक. मृत्यू जिथं झाला तिथं नोंद होते. आपल्याकडचे कितीतरी पेशंट शेवटी मिरजेला जातात. तिथं दवाखान्यात मृत्यू झाला तर माहिती दवाखाना कळवतो आणि दाखला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतून घ्यायचा, गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालायचे नाहीत. मामा गावातल्या घरी गेले, म्हणून त्यांची नोंद मात्र ग्रामपंचायतीतच. नोंद झाली की सात दिवसांच्या आत पहिला दाखला माहिती देणाऱ्याला फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर कलम 12 दाखवा.